चरकाचं तोंड

रसवंतीपुढं उभं राहून उसाचा रस पिणाऱ्या माणसाच्या मनात कधी येत नाही, की हे मशीन कुणीतरी बनवलेलं असतं. लिंबू, आलं, बर्फ, घुंगरू, वर हिरवी जाळी, हे सगळं उन्हाळा आला की रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतं आणि पाऊस आला की नाहीसं होतं, असाच लोकांचा समज. ते मशीन मी बनवायचो. त्याला आम्ही चरक म्हणतो. अमळनेरात माझं वर्कशॉप आहे. आता ते जावई बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून त्याला नको असलेले सल्ले देतो.

खानदेशात कापूस आणि केळी यांचा मान मोठा. ऊस आमच्याकडे विहिरीला पाणी असलेल्याच्या शेतात, एखाद्या कोपऱ्यात उभा असतो. पण एप्रिलमध्ये रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की कापूसवालाही आणि केळीवालाही उसाच्याच दारात येतो. उसाचा बुडखा गोड आणि शेंडा पाणचट. चांगला रसवंतीवाला म्हणूनच दोन्ही मिसळून घालतो. कांडी चिरून आत तांबूस दिसली आणि तिला आंबूस वास आला, की ती फेकायची. तो उसाचा रोग. असा ऊस घालून रस आंबट लागला, की गिऱ्हाईक चरकाला शिव्या देतं आणि चरकाचा मालक मला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. गावातल्या एका मारवाडी कापडवाल्या शेठजींनी मुलीच्या लग्नासाठी चरक भाड्यानं नेला आणि त्याला जरीची किनार लावून घेतली. मंगलाष्टकांच्या वेळी नेमका कुणीतरी रस मागितला आणि घुंगरं वाजायला लागली. शेठजी स्वतः धावत आले आणि आपल्या उपरण्यानं घुंगरं बांधून गेले. पारोळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी कावीळ झाली म्हणून हातानं फिरवायचा चरक घरी नेला आणि आठवड्यात परत आणून दिला. म्हणाले, "कावीळ बरी झाली, पण शेजारी जायचं नाव घेत नाहीत."

असे किस्से मी कुणालाही सांगतो. आज सांगणार आहे ते सगळं मी फार थोड्यांना सांगितलं आहे. ते घडलं त्या दिवसापासून माझ्या धंद्याची भीती माझ्या अंगात जाऊन बसली, ती अजून उठलेली नाही.

त्याआधी चरक कसा चालतो ते सांगायला हवं. आत लोखंडाच्या तीन लाटा, म्हणजे जाड रूळ, असतात, खाली दोन आणि वर एक. वरच्या लाटेला दोन्ही बाजूंनी स्प्रिंग आणि बोल्ट लावून खाली दाबून धरलेलं असतं. मोटार पट्ट्यानं मोठं चाक फिरवते, चाक लाटा फिरवतं. ऊस पहिल्यांदा घालताना काही भीती नसते. कांडी लांब असते, हात लांब असतो. पण एका वेळेत सगळा रस निघत नाही. चेपलेली चिपाडं दुमडायची, मध्ये लिंबू आणि आल्याचा तुकडा ठेवायचा आणि ती जुडी परत आत सारायची. मग पुन्हा एकदा. दरवेळी जुडी आखूड होत जाते आणि हात लाटेच्या जवळ येत जातो. चरकाला ऊस आणि बोट यातला फरक कळत नाही.

म्हणून मी प्रत्येक चरकाच्या तोंडावर पत्र्याचं एक मुसकं बसवून द्यायचो. बैलाच्या तोंडाला बांधतात ना, तसं. त्यातून ऊस जायचा, हात जायचा नाही. अडचण एवढीच, की दुमडलेली जुडीही त्यातून नीट जायची नाही. गर्दीच्या वेळी लोक वैतागायचे आणि पाना लावून मुसकं काढून टाकायचे.

अमळनेर-धुळे रस्त्यावर एका फाट्यावर निंबाभाऊ आणि सिंधूअक्का या नवरा-बायकोची रसवंती होती. चरक माझाच. अक्का चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी बाई. बोलायला फटकळ. निंबाभाऊ तिच्या मानानं अबोल. तो ऊस तासायचा, ती चरकावर असायची. मी त्या बाजूला गेलो की थांबायचो आणि ती माझ्याकडून पैसे घ्यायची नाही. "तुमनाच चरक शे भाऊ, तुमनाकडून कसाना पैसा?" असं म्हणायची.

त्या दुपारी मी वर्कशॉपात एका लाटेला दाते पाडत होतो. फोन वाजला. चरकाच्या पाठीवर माझा नंबर रंगवलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात अनोळखी फोन फार येतात. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, असली कामं. हा फोन फाट्यावरच्या चहावाल्याचा होता, दगडूनानांचा.

"मिस्तरी, निंबानी बायकोना हात चरकमा गया. निंघत नही. लवकर या."

मी म्हटलं, "नाना, कुणाला चाक फिरवू देऊ नका. मी येईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." पलीकडून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

मोटारसायकलच्या डिकीत पाने भरले आणि निघालो. तो रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपेना. ऊन डोळ्यांत जात होतं, हात हँडलवर घामानं घसरत होते आणि डोक्यात एकच विचार होता, की कुणीतरी शहाणा चाक उलटं फिरवेल. चाक उलटं फिरवलं तर हात बाहेर येईल खरा, पण लाटेच्या दातांतून दुसऱ्यांदा चिरडून येईल. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, आत गेला तसा बाहेर येईल.

फाट्यावर पोहोचलो तेव्हा गर्दीतून चरक दिसतच नव्हता. दिसला तेव्हा आधी काय दिसलं असेल, तर मोटार चालू होती. निंबाभाऊनं लाथ मारून पट्टा उडवला होता म्हणून लाटा थांबल्या होत्या. पण मोटार रिकामी घरघरत होती आणि बटण बंद करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळे त्या घरघरीवर आवाज चढवून एकमेकांना ओरडत होते. मी गर्दीत घुसलो आणि बटण दाबलं.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मला अक्काचा आवाज ऐकू आला. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी लाईट गई म्हनीसन हात घाला. लाईट गई म्हनीसन हात घाला."

काय झालं ते तेवढ्यावरून कळलं. जुडी अर्धी आत असताना वीज गेली होती. अडकलेली चिपाडं ओढून काढायला तिनं उजवा हात आत घातला. बटण चालूच होतं आणि वीज परत आली.

चारही बोटं मुठीच्या हाडांपर्यंत आत होती. अंगठा बाहेर होता. रक्त फारसं नव्हतं, लाट दाबून बसली होती म्हणून. बांगड्यांचे तुकडे रसाच्या ताटलीत पडले होते. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे पाहत होती. माझा चेहरा कसा होतोय ते ती पाहत होती, हे मला जाणवलं आणि मी चेहरा सरळ ठेवायची धडपड केली.

"मिस्तरी उना," ती निंबाभाऊला म्हणाली. "आते निंघी."

निंबाभाऊनं तिला पाठीमागून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, पडू नये म्हणून. चरकाखाली पाण्याचा माठ एका पत्र्यावर ठेवला होता. तो पत्रा म्हणजे मी बसवलेलं मुसकं. माझी नजर तिकडं गेलेली त्यानं पाहिली आणि मान खाली घातली.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस मला बाजूला सारत पुढं आला. रावेरहून केळी घेऊन निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर. "अरे, चाक उल्टं फिरवलं का हात बाहेर येते! सरका सगळे!" असं म्हणत त्यानं चाकाला दोन्ही हात घातले. मी त्याच्या मनगटांना लोंबकळलो. खरोखरच लोंबकळलो, कारण तो माझ्या दुप्पट होता. "दादा, दुसऱ्यांदा चिरडेल! हाडाचा चुरा होईल!" मी ओरडलो. तो थांबला. हात काढले आणि ते हात कुठं ठेवावे हे न कळल्यासारखा उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "जाऊ नका. तुमचं काम लागणार आहे."

खरं तर काम सोपं होतं. दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करायचे, वरची लाट पहारीनं उचलायची, हात काढायचा. मी पाना लावणार तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा! आत्ता उघडू नका!"

जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम होत्या. वय तिशीच्या आतलं. दगडूनानांनी त्यांनाही फोन केला होता आणि त्या एका नर्सला घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "लाट दाबून बसलीय म्हणून रक्त थांबलंय. उचलली की सुटेल. मी दंड बांधते, सुई देते, सलाइन लावते. मी सांगेन तेव्हाच उघडा." मग विचारलं, "तुम्ही पूर्वी असा हात काढलाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मीही नाही," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

सलाइनची बाटली मांडवाच्या बांबूला टांगली. रक्तदाब मोजायचा पट्टा अक्काच्या दंडावर गुंडाळला. तो ऐनवेळी फुगवायचा होता. सुई दिल्यावर अक्काचे डोळे जड झाले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "झोपू नका मावशी. बोलत राहा. काहीही बोला."

अक्का बोलायला लागली. काय बोलली, तर उसाबद्दल. आजचा ऊस चांगला नाही, आतून पोकळ आहे, दुसऱ्याकडून आणायला हवा. बर्फ वितळत असेल, त्यावर पोतं टाका. मग मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, हात ऱ्हाई ना मना?"

मी म्हटलं, "राहील." मला काहीही माहीत नव्हतं.

मॅडमचं आवरेपर्यंत बोल्ट थोडे हलवून ठेवावेत म्हणून मी उजवीकडच्याला पाना लावला. तो हलला. डावीकडच्याला लावला. तो हलला नाही. जोर केला. नाही.

साखर गोड लागते तेवढंच लोकांना माहीत असतं. आमच्या धंद्यात साखर म्हणजे चिकटवायचा सरस. रस उडतो, बोल्टाच्या आट्यांत जातो, उन्हानं वाळतो, पुन्हा उडतो, पुन्हा वाळतो. काही दिवसांनी नट आणि बोल्ट वेल्डिंग केल्यासारखे एक होतात. एरवी मी हातोड्यानं ठोकून मोकळे करतो. इथं हातोडा मारला असता तर प्रत्येक धक्का लाटेतून तिच्या बोटांत गेला असता. गॅस कटरचा तर प्रश्नच नव्हता. आणि एकाच बाजूचा बोल्ट सैल करून चालत नाही. उजवी बाजू सुटली की लाट तिरपी होते आणि सगळा भार डावीकडं जातो. अक्काचा हात डावीकडं होता.

मॅडमनी बोलावलेली रुग्णवाहिका येत होती, पण येऊन करणार काय? हात चरकात होता. क्षणभर मला वाटलं, मी पाना टाकून पळून जावं. हे मी उगाच लिहीत नाही. माझे पाय खरोखरच एक पाऊल मागं गेले होते.

मग म्हटलं, साखर आहे ना ही? साखरेला काय लागतं? "नाना, चहाचं पाणी उकळतंय का?"

दगडूनानांनी पातेलंच उचलून आणलं. वरून पाणी ओतता येत नव्हतं, अक्काचा हात भाजला असता. म्हणून मी फडकं उकळत्या पाण्यात बुडवून नटाभोवती गुंडाळलं, थंड झालं की काढलं, पुन्हा बुडवलं. माझी बोटं पोळत होती, पण ते मला रात्री घरी गेल्यावर कळलं. थोड्या वेळानं आट्यांतून तपकिरी पाक पाझरायला लागला. त्या वासानं मधमाश्या आल्या. रसवंतीवर त्या असतातच, पण आता झुंडीनं आल्या आणि अक्काच्या दंडावर, गालावर बसायला लागल्या. तिला एक हात हलवता येत नव्हता आणि दुसऱ्यात सलाइनची सुई होती. नर्सनं तिला मागून धरलं. निंबाभाऊनं डोक्याचा रुमाल सोडला आणि तो बायकोच्या तोंडावर वारा घालत उभा राहिला, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

पाना पुन्हा लावला. पुन्हा फडकं. पुन्हा पाना. आणि मग हाताला काहीतरी किंचित सुटल्यासारखं जाणवलं. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी पट्टा फुगवला, कापसाचा गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता."

ड्रायव्हरनं पहार लाटेखाली सरकवली होती. मी थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, पुन्हा डावीकडं असे आटे सोडत गेलो. "उचला," मी म्हटलं, "हळू, दादा, हळू." त्यानं श्वास रोखून भार घेतला. लाट हलली आणि तिला बांधलेली घुंगरं वाजली. रोज वाजतात तशीच. तो आवाज ऐकून अक्का पहिल्यांदा किंचाळली.

हात बाहेर आला. मी पाहिला नाही. मी ड्रायव्हरकडं पाहत होतो. त्यानं डोळे गच्च मिटले होते आणि लाट तशीच उचलून धरली होती. हात निघाल्यावरही त्याला सोडायला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

रुग्णवाहिका तिला आणि निंबाभाऊला घेऊन धुळ्याला गेली. ड्रायव्हर केळीच्या ट्रकमध्ये चढला. दगडूनाना आणि मी चरक धुतला. धुवायलाच हवा होता, माश्या आल्या होत्या. नंतर मी चहा घ्यायला बसलो, तर पाना माझ्या मुठीतून सुटेना. नानांनी एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं अर्धं राहिलं. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं. डॉक्टर म्हणाले, हे खूप झालं.

माझी मात्र गंमत झाली. मला माझ्याच वर्कशॉपात नवा चरक चालू करून बघता येईना. बटणापाशी गेलो की तळहाताला घाम सुटायचा. फोन वाजला की मी आधी बायकोला घ्यायला सांगायचो. शेवटी मोटारसायकल काढली आणि पारोळा, चोपडा, धरणगाव, जिथं जिथं माझे चरक होते तिथं हिंडलो. बहुतेकांनी मुसकी काढलेली. एकानं त्यावर कूलर ठेवला होता, एकानं त्याचं कोंबड्यांना पाणी पाजायचं भांडं केलं होतं. मी सिंधूअक्काची गोष्ट सांगायचो. ते हळहळायचे, रस पाजायचे आणि म्हणायचे, "खरं शे भाऊ. पन गर्दीमा ते मुसकं जमत नही." रागवून तरी काय बोलणार? जमत नव्हतं हे खरंच होतं.

पावसाळा सरला आणि एक दिवस सिंधूअक्का स्वतःच एसटीनं वर्कशॉपात आली. उजवा हात पदराखाली. निंबाभाऊ बरोबर होता, पण दाराशीच थांबला. मला वाटलं, चरक विकायचा असेल. तसा त्याचा विचार होताही. ती बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मुसकं नवं बनाडी द्या. जुडी जाई, पन हात जावाले नको, असं."

"अक्का, परत चरकावर बसणार तुम्ही?" मी विचारलं. "भीती नाही वाटत?"

"वाटस ना. रातले घुंगरं ऐकू येतस." ती दाराकडं पाहत म्हणाली. "पन घरमा बशी ऱ्हायनू तं ते भेव बठ्ठं घर खाई टाकी. यास्नी तोंड उघाडं नही तवपासून."

निंबाभाऊनं ऐकलं आणि तो दाराची चौकट नखानं खरवडत राहिला.

मी पुठ्ठा घेतला. जुडी जाईल एवढं तोंड मोठं हवं आणि मूठ अडकेल एवढं लहान. नुसत्या रुंदीनं ते साधत नव्हतं, म्हणून लांबी वाढवली. बोगद्यासारखं केलं, म्हणजे हात शिरला तरी लाटेपर्यंत पोहोचणार नाही. आणि आतली जुडी ढकलायला एक लाकडी दांडा दिला. मापासाठी तिनं आपला डावा, धड हात पुढं केला. तिनं तो पुठ्ठ्यात कोपरापर्यंत घालून पाहिला आणि मी बाहेरून टोकाला पट्टी लावली. बोटं कुठवर येतात ते मी तीनदा मोजलं, तिनं हात हलवला नाही.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा मी स्वतः फाट्यावर जाऊन ते बसवलं. बोल्टांना ग्रीस भरलं, वर रबराच्या टोप्या घातल्या. दगडूनाना चहा सोडून येऊन उभे राहिले. निंबाभाऊनं ऊस तासून आणून ठेवला आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. अक्का चरकासमोर उभी राहिली. डाव्या हातात कांडी.

"करा चालू, भाऊ."

मी बटणावर बोट ठेवलं. दाबायचं तेवढं राहिलं होतं. एक एसटी गेली, मग एक ट्रॅक्टर गेला. माझं बोट बटणावरच होतं.

"भाऊ," अक्का म्हणाली.

"हो, करतो," मी म्हटलं. केलं नाही.

तिनं पदराखालून उजवा हात काढला. मी तो तेव्हा प्रथमच पाहिला. उरलेल्या अंगठ्यानं तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि बटण स्वतः दाबलं. चरक फिरायला लागला. तिनं कांडी घातली, मग दुसरी. चिपाडं दुमडली, बोगद्यात सारली, दांड्यानं ढकलली. पहिला ग्लास जमिनीवर ओतला. चरक धुतला जावा म्हणून पहिला रस टाकून देतात. दुसरा भरून माझ्यापुढं धरला.

"कसा शे?"

मी घोट घेतला आणि मान हलवली. घोट अजून तोंडातच होता, कारण तिनं तोवर पुढची जुडी दुमडून हातात घेतली होती.